तिसऱ्या दर्जाची काच

फ्लेरमों, १४ जानेवारी १९७५

देझिरे,

तुझं नव्या वर्षाचं कार्ड पोचलं. बर्फ, चर्च, सोनेरी अक्षरं, सगळं छान. कपाटावर ठेवलंय, हात पोचणार नाही असं. कारण आज हाताला लागेल ते मी फाडत सुटलेय.

काल लाँब्रेसाहेबांनी कारखान्यातल्या सगळ्यांना कापणीच्या हॉलमध्ये बोलावलं. मी निवृत्त बाई, मला कोण बोलावतंय? पण फाटक उघडं होतं आणि हातात ओदोंचा डबा होता. तुझा तो बालमित्र ओदों आता कामगारांचा पुढारी झालाय, आणि बायको गेल्यापासून त्याला दुपारचं जेवण मीच देते. तर शिरले आत. साहेब एका खोक्यावर चढले. अंगात ओव्हरकोट! भट्टीच्या शेजारी ओव्हरकोट घालून उभा राहणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. तेल महागलं म्हणाले. काच अशी उभी वर ओढायची आपली पद्धत जुनी झाली म्हणाले. तिकडे उत्तरेला, फ्लेमिश मुलखात नवा कारखाना आहे, तिथे वितळलेल्या कथलावर काच नुसती पसरते आणि आपोआप सपाट होते. म्हणून महिनाअखेर आपली भट्टी विझवायची.

तू इतकी वर्षं ब्रुसेल्सच्या ऑफिसात टाइपरायटरच्या खडखडाटात बसतोस, म्हणून आठवण करून देते. ती काही घरची चूल नाही, रात्री विझवली आणि सकाळी पेटवली. भट्टी एकदा गार झाली की आतली काच दगड होते, विटा तडकतात, आणि मग जगातला कुठलाही माणूस तिला उठवू शकत नाही. साहेब 'विझवायची' म्हणाले ना, त्याचा अर्थ मारायची.

कुणी ओरडलं नाही रे. मला वाटलं होतं दगड उचलतील. आपल्या आजोबांच्या काळात याच गावानं मालकाचा बंगला जाळला होता, पियानोसकट. पण ओदों शांतपणे पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, टोपी घाला, बाहेर थंडी आहे." मग सगळ्यांनी मिळून साहेबांना फाटकापर्यंत सोडलं, अगदी पाहुण्यासारखं, आणि फाटकाला आतून कुलूप घातलं. कारखाना आता आमच्या ताब्यात आहे. तीनही पाळ्या नेहमीसारख्या चालू आहेत. भट्टी विझू द्यायची नाही, बस.

तुला एकच विचारते. तू मुख्य ऑफिसात बसतोस. तुला हे आधी माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिही.

झेली


ब्रुसेल्स, २० जानेवारी १९७५

प्रिय झेली,

तुझं पत्र वाचून फार काळजी वाटली. रक्तदाबाची गोळी घेतेस ना?

रागावू नकोस, पण थोडं शांतपणे ऐक. ती भट्टी म्हातारी झाली आहे. मी ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या खात्यात आहे. रोज माझ्या टेबलावर पत्रं येतात, की तुमच्या काचेत लाटा आहेत, आणि नव्या कारखान्याची काच बघा कशी पाण्यासारखी. मी त्या काचा हातात घेऊन पाहिल्या आहेत. खरंच सुंदर आहेत. हे लिहिताना मला आनंद होत नाही. मीही काच ओढायच्या यंत्राच्या त्या मनोऱ्यावर उभा राहून वर येणारी काच कापली आहे, तिचे दर्जे लावले आहेत, हे तू विसरतेस.

कंपनी नुकसानभरपाई देणार आहे, आणि ती वाईट नाही. ओदोंला सांग, की वाटाघाटीला बसा. कारखाना ताब्यात घेणं हा गुन्हा आहे. वकील कामाला लागलेत.

आणि तू कशाला यात पडतेस? तुझी पेन्शन सुरू आहे, तुला कुणी हात लावणार नाही. आमच्या ऑफिसात कुणीतरी वर्तमानपत्रातला फोटो आणला होता. फाटकावर एक बाई झाऱ्या उगारून उभी होती. सगळे हसले. मी चष्मा पुसत बसलो. मला निवृत्तीला थोडाच काळ राहिलाय, झेली. आपलं आडनाव एक आहे.

काही दिवस इकडे राहायला ये. वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे, नळाला गरम पाणी येतं, खालीच ट्राम मिळते.

तुझा भाऊ,
देझिरे


फ्लेरमों, ३ फेब्रुवारी १९७५

प्रिय साहेब,

हो की नाही, एवढं विचारलं होतं. तू गोळी, ट्राम आणि गरम पाणी कळवलंस. बरं, मला उत्तर मिळालं.

झाऱ्या मीच उगारला होता. पुढच्या वेळी हसणाऱ्यांना सांग, की ही माझी सख्खी बहीण, आणि तिच्या लीकच्या पातीच्या सुपावर दोनशे माणसं भट्टी सांभाळताहेत. नुन्झिया मदतीला असते. तुला नुन्झिया माहीत नाही. माझ्या शेजारची, सिसिलीहून आलेली, नवरा भट्टीवर. ती माझ्या सुपात लसूण घालते आणि मी बघितलं नाही असं दाखवते. आमची भांडणं ऐकायला माणसं मुद्दाम लवकर जेवायला येतात.

आता तू मला 'म्हातारी भट्टी' शिकवतोस, तर मी तुला थोडा इतिहास शिकवते. आजोबा नळीनं फुंकर मारून माणसाएवढं नळकांडं फुगवायचे, ते चिरून उलगडायचं, की झाली काच. रविवारी हे फुंकारी लोक उंच टोपी आणि छडी घेऊन फिरायचे, आणि वाटेत मालक भेटला तर मालकानं आधी टोपी काढायची. मग यंत्र आलं. तेव्हाही साहेब लोक म्हणाले, नवी काच बघा, कशी छान. बाबांची फुंकायची नळी परसात वेलाला आधार म्हणून रोवली गेली. बाबा त्या यंत्राच्या हॉलमध्ये गेले, पण टोपी परत कधी घातली नाही. तुझी ही कथलावरची काच म्हणजे दुसरी नवलाई आहे, देझिरे. आमचं पहिलीचंच दुखणं अजून गेलेलं नाही.

आणि त्या सुंदर काचेचं म्हणशील तर ऐक. पोरवयापासून निवृत्तीपर्यंत मी या हातांवर काच वाहिली. उभी धरायची, चामड्याचा तुकडा तळव्यात, आणि चालताना बोलायचं नाही. पहिला दर्जा पॅरिसला, ब्युनोस आयर्सला. दुसरा आपल्याकडच्या मोठ्या शहरांना. आणि आम्हाला काय? काचवाल्यांचे संत सेंट लॉरां, त्यांच्या सणाला बँड वाजवायचा, साहेबानं भाषण ठोकायचं, आणि कामगारांना तिसऱ्या दर्जाची काच अर्ध्या किमतीत, 'सणाची भेट' म्हणून. पहिला दर्जा फ्लेरमोंत विकायचा नाही, द्यायचा नाही, असा कंपनीचा नियमच. आपण वाकड्या काचेतून बघतच मोठे झालो. मान हलवली की चर्चचा मनोरा नाचायचा. लहानपणी गंमत वाटायची. आता नाही वाटत.

तर बातमी अशी. काल तेलाचा टँकर पोलिसांनी फाटकावरून परत पाठवला. तेल संपत आलंय. भट्टी जगणार नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. ओदों बोलायला उभा राहिला. म्हणाला, "मारणार तर आहेतच. पण आतली काच दगड होऊ द्यायची का? की शेवटची एकदा ओढायची, आजवर ओढली नाही अशी?" सगळे हात वर गेले. मी मतदार नाही, तरी माझाही गेला.

ती काच काढून काय करायचं, तेही ठरलंय. कल्पना नुन्झियाची. तुला सांगणार नाही.

झेली


ब्रुसेल्स, ११ फेब्रुवारी १९७५

झेली,

घाईत लिहितो आहे.

इथे बोललं जातंय, की कारखान्यातून माल गायब झाला. कोर्टानं कंपनीच्या बाजूनं हुकूम दिला आहे. जो माल बाहेर गेला असेल तो जिथे सापडेल तिथून जप्त करायचा. कंपनीच्या वकिलानं मला बोलावून विचारलं, "तुमची बहीण तिथे आहे, काही लिहिते का?" मी म्हणालो, तिच्या तब्येतीबद्दल लिहिते.

मला काहीही कळवू नकोस. माल कुठे आहे, कुणाकडे आहे, काही नाही. मला खरंच माहीत नसलेलं बरं. हे पत्र चुलीत टाक.

दे.


फ्लेरमों, २२ फेब्रुवारी १९७५

देझिरे,

'मला माहीत नसलेलं बरं.' हे वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे. अख्खा जन्म तू या एका वाक्यावर काढलास. अंगावर काही येऊ नये, कोटाला डाग पडू नये! आता मुद्दाम सांगते. जा, दे तुझ्या वकिलाला.

काच खिडक्यांत आहे.

सगळ्यांच्या. स्टेशनच्या रस्त्यापासून कालव्यापर्यंत, कामगारवस्तीच्या एकूण एक घरात. नुन्झिया म्हणाली, "साऱ्या जगाला सरळ दिसावं म्हणून तुम्ही जन्मभर भाजून निघालात, आणि तुम्हाला स्वतःच्या दारातला माणूस धड ओळखू येत नाही. लावा की घरांना!" मग एकजण हसला, मग सगळे हसले, आणि मग हसता हसता लक्षात आलं, की बाई बरोबर बोलतेय.

तुला ती काच बघायला हवी होती. ओदोंनं यंत्र इतकं सावकाश चालवलं, की मनोऱ्यावरची माणसं वाट बघून कंटाळली. कधी साहेबांनी तसं चालवू दिलं असतं? माल भराभर निघाला पाहिजे, लाटा पडल्या तर तिसरा दर्जा आहेच की कामगारांना! या वेळी घाई करणारा कुणी नव्हता. काच वर आली तेव्हा मला वाटलं, यंत्रात काही नाहीच. कडेला हिरवी रेघ दिसली म्हणून समजलं.

मग गावभर नुसती धांदल. पुट्टी संपली, तर म्हाताऱ्यांनी खडू आणि जवसाचं तेल कालवून मळली. बायकांनी जुन्या काचा काढल्या. पाद्रीबुवा आले, हळूच म्हणाले, "चर्चला रंगीत आहेत, पण माझ्या स्वयंपाकघराची..." लावली. हवालदाराची बायको परसदारानं आली, म्हणाली, नवरा ड्यूटीवर आहे, पटकन उरकता का. तिलाही लावली. संध्याकाळी सूर्य कालव्यावर उतरला आणि सगळी रांग एकदम लखलखली. पूर्वी प्रकाश तुकड्या-तुकड्यांत सांडायचा. आता प्रत्येक खिडकी भरून लाल. बायका रस्त्यात उभ्या राहून रडत होत्या, आणि मीही, लपवते कशाला.

दुसऱ्या दिवशी भट्टी विझली. आम्हीच विझवली, आतलं सगळं काढून घेऊन, रिकामी करून. विटा तडकायला लागल्या तेव्हा पुरुषांनी टोप्या काढल्या. नुन्झियाचा नवरा त्या भिंतीला हात लावून उभा राहिला, भाजलं तरी काढेना. मग ओदोंनं फाटकाचं कुलूप स्वतःच्या हातानं उघडलं आणि आम्ही सगळे गाणं म्हणत बाहेर पडलो. लाँब्रेसाहेबाला म्हणावं, ये आता, घेऊन जा तुझ्या तडकलेल्या विटा.

आता बेलिफ येऊ दे, वकील येऊ दे. घराघरांतून खिडक्या उपटून न्याव्या लागतील. बघू कुणाची छाती होते.

झेली


फ्लेरमों, ८ मार्च १९७५

देझिरे,

तुझी छाती झाली.

पत्र नाही, निरोप नाही, आणि काल सकाळी कंपनीची काळी गाडी स्टेशनच्या रस्त्यावर उभी. बेलिफ उतरला, वकील उतरला, मागे पोलिसांची गाडी. आणि मग तू उतरलास. राखाडी कोट, गळ्याला मफलर, जो मीच विणून दिला होता. नुन्झियानं विचारलं, "तो हडकुळा कोण?" मला सांगता येईना.

आम्ही ठरवलं होतं, की कुणी दार उघडायचं नाही. सगळे आत, काचेमागे उभे. त्यात बाहेर दोन्ही गाड्यांची इंजिनं घुरघुरत होती, म्हणून तू काय बोलत होतास ते ऐकू आलं नाही, पण डोळे होते ना! काच इतकी स्वच्छ आहे, की सगळं दिसलं. प्रत्येक घरापुढे थांबायचास. काचेला बोट लावायचास. मान तिरकी करून बघायचास, तसाच, जसा मनोऱ्यावर दर्जा लावताना बघायचास. मग बेलिफकडे वळून काहीतरी सांगायचास, आणि तो लिहून घ्यायचा. दर्जा ओळखणारा माणूस कंपनीला हवा होता, आणि तो त्यांना आपल्याच घरात मिळाला. फ्लेरमोंच्या पोटचा!

माझ्या खिडकीपुढे तर किती वेळ उभा होतास. सरळ माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी हललेही नाही. वाटलं, आता तरी मान खाली घालेल. नाही घातलीस. बोट लावलंस, आणि सांगितलंस.

नुन्झियानं खिडकी उघडून बटाटे मारले. एक वकिलाच्या टोपीला लागला, एक तुझ्या खांद्याला. मी तिला अडवलं नाही.

कधी उपटायला येणार तेवढं कळवून टाक. मी खिडकीतच बसलेली असेन, मला उचलावं लागेल आधी. त्यानंतर मला पत्र लिहू नकोस. आई-बाबांच्या थडग्यावर फुलं पाठवतोस तीही पाठवू नकोस. मी एकटी पुरेशी आहे.

झेली


ब्रुसेल्स, १५ मार्च १९७५

झेली,

लिहू नकोस म्हणालीस. एकदाच लिहितो, मग तू म्हणशील तसं.

माल कुठे आहे हे तू कळवलंस ते पत्र कुणाला दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. कारखान्याला सील लावायला आलेल्या वकिलाला संध्याकाळी वस्तीच्या खिडक्या दिसल्या. काच सरळ असली की ऊन कसं पडतं, हे त्यालाही कळतं. कोर्ट म्हणालं, ही काच कंपनीचीच, हे कुणीतरी जाणत्यानं शपथेवर सांगायला हवं. लाँब्रेसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही त्या गावचे, तुमची नजर पक्की. एक दिवसाचं काम आहे, मग सुखानं निवृत्त व्हा." मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर दुसरा कुणी आला असता, असं मी गाडीत स्वतःला सांगत होतो. खरं सांगू? फ्लेरमोंच्या स्टेशनचा रस्ता येईपर्यंत मला माहीत नव्हतं, मी काय करणार आहे ते.

पहिलं घर ओदोंचं. मी काचेला बोट लावलं. झेली, तशी काच मी आयुष्यात हाताळलेली नाही. आपल्या यंत्रानं, त्या म्हाताऱ्या भट्टीनं दिलेली! पलीकडे ओदों उभा होता, हाताची घडी घालून, आणि मला जाणवलं की त्याचा चेहरा मला नीट दिसतोय. बेलिफनं विचारलं, "कुठला दर्जा?"

मी म्हणालो, "तिसरा."

वकील म्हणाला, पुन्हा बघा. मी पुन्हा बघितलं. तिसरा. लाटा, बुडबुडे, टाकाऊ. पुढच्या घरी तेच. तो लालबुंद झाला. "आंधळा आहेस का? आरपार दिसतंय!" तेव्हा मी त्याला कंपनीचा नियम ऐकवला. "कामगाराला पहिला दर्जा विकायचा नाही, द्यायचा नाही. कंपनीनं हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही, मी स्वतः पाळलाय. मग फ्लेरमोंत पहिला दर्जा येईलच कुठून? या लोकांच्या खिडकीला कंपनीनं नेहमी टाकाऊच दिलं. म्हणून ही टाकाऊ आहे. लिहा." बेलिफ म्हातारा होता. त्यानं एकदा काचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहिलं. प्रत्येक घरापुढे मी तेच बोललो, आणि प्रत्येक वेळी माझा आवाज वाढत गेला. तुम्ही दारं बंद करून बसलात आणि गाड्या घुरघुरत होत्या म्हणून, नाहीतर अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं.

तुझ्या खिडकीशी थांबलो, कारण पुढे जाववेना. मी बॅग घेऊन ब्रुसेल्सला निघालो तेव्हा आई याच खिडकीत उभी होती. मी रस्त्यातून वळून पाहिलं, पण काचेतल्या लाटेत तिचा चेहरा असा ओढला गेला होता, की ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी तिथे तू उभी होतीस. रागानं पांढरी पडलेली, हनुवटी थरथरतेय, डोळ्यांखाली सुरकुत्या. सगळं दिसलं. मान खाली कशी घालणार होतो?

अहवाल कोर्टात गेला. कंपनीचा माल आढळला नाही, असा. वकील म्हणतो, दुसरा तपासनीस आणू. मी उत्तरेकडच्या कारखान्यांतल्या सगळ्या जुन्या तपासनिसांना फोन केले. त्यांच्यापैकी कुणी येणार नाही.

मला सोमवारी काढून टाकलं. पेन्शनही अडकवली आहे. ऑफिसात कुणी माझ्याकडे बघेना, फक्त टाइपिस्ट मुलीनं माझा कोट आणून दिला आणि हात दाबला.

तुझा प्रश्न राहिला होता. हो, मला नोव्हेंबरपासून माहीत होतं.

एकदा यावंसं वाटतं. अंधार पडल्यावर, मागच्या गल्लीनं येईन, कुणाला दिसणार नाही. तासभर बसेन. हे पत्र जाळून टाक. मी शपथेवर खोटं बोललोय.

देझिरे

ता. क. खांदा बरा आहे.


फ्लेरमों, १९ मार्च १९७५

देझिरे,

जाळलं. पण आधी स्टेशनसमोरच्या कॅफेत टेबलावर उभी राहून मोठ्यानं वाचलं. शिव्या द्यायच्या असतील तर दे. मी गेला आठवडाभर याच कॅफेत तुला उघड उघड शिव्या घातल्या होत्या, त्या परत घ्यायच्या तर त्याही उघडच घ्यायला हव्यात. सगळ्या गावानं ऐकलं, आता सगळं गाव शपथेवर खोटं बोलायला तयार आहे. हवालदारही होता. तो म्हणाला, मला ऐकू कमी येतं.

ओदों बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, "त्याची पेन्शन अडवली ना? आता फाटकावर त्यासाठी उभं राहू." नुन्झिया म्हणते, खांद्याबद्दल माफी, टोपीबद्दल नाही. तुझ्यासाठी साखरेचा टार्ट करणार आहे. त्यात लसूण घालू नकोस, असं मी बजावलंय.

मी चुकले, देझिरे. स्वच्छ काचेतून बघूनही चुकले.

नोव्हेंबरचं मात्र विसरणार नाही. ते समोरासमोर बोलू, आणि मी आवाज चढवणार आहे.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. सगळ्या गावाला नवी काच लागली, तेव्हा तुझ्या माडीवरच्या खोलीला मी जुनीच राहू दिली. पोरं बसवायला आली होती. मी म्हणाले, या खोलीतला माणूस तिकडचा आहे, त्याला कशाला? आज सकाळी स्वयंपाकघरातली नवी काढून तिथे बसवली. ओदोंनं शिडी धरली. ती वाकडी खाली लावली. सुपाला वाकडी चालते.

तर ये. पण मागच्या गल्लीनं नाही, आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. रविवारी भर दुपारी, स्टेशनच्या रस्त्यानं, मधोमध चालत ये. माणसं खिडक्यांत असतील. आम्ही कुणापासून तोंड लपवत नाही.

मागच्या दारावर टकटक केलीस तर मी उघडणार नाही.

झेली